पावणेदोन हात काळी: माती तपासण्याचा दख्खनी इतिहास आणि भाजीचा वीस गुंठ्यांचा तुकडा

मंडळी, माती परीक्षण म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर प्रयोगशाळा येते. काचेची नळी, रंग बदलणारं द्रावण, शेवटी हातात पडणारा कागद. पण दख्खनमध्ये सरकारी माणसानं शेतात खड्डा खणून माती पाहायला सुरुवात केली ती प्रयोगशाळा येण्याच्या कितीतरी आधी, आणि त्याच्या हातात कसलंही द्रावण नव्हतं. त्याला एवढंच ठरवायचं होतं की या शेतावर सारा किती बसवायचा.

आज आम्हाला ही गोष्ट सांगायची आहे ती एका अडचणीमुळे. टोमॅटो, मिरची, कांदा, घेवडा घेणारा अर्ध्या एकराचा शेतकरी आज अशा पावसाला तोंड देतोय जो महिनाभर येत नाही आणि मग तासाभरात शेताचं तळं करून टाकतो. त्याला सगळे सांगतात, माती तपासून घे. तो तपासतोही. कागदावरचे आकडे बरोबर असतात, पण त्याला जे विचारायचं होतं त्याचं उत्तर पुष्कळदा त्यात नसतं. असं का होतं, हे समजायला थोडं मागं जावं लागेल.

पेशवाई गेल्यानंतर इंग्रजांनी पुणे जिल्ह्यात जमीन मोजून सारा बसवण्याचा पहिला मोठा प्रयत्न केला तो प्रिंगल या अधिकाऱ्याच्या हातून. त्याचं सगळं गणित निव्वळ उत्पन्नावर आधारलेलं, कागदावर मोठं शास्त्रशुद्ध. प्रत्यक्षात ते कोसळलं. सारा झेपेना म्हणून लोकांनी जमिनी टाकल्या, गावं सोडली. मग १८३५ मध्ये गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट विंगेट यांनी इंदापूर तालुक्यातून नवी पाहणी सुरू केली. इंदापूर हे नाव लक्षात ठेवा, पुढे पुन्हा येणार आहे.

या नव्या पद्धतीत प्रत बांधणारा कारकून शेतात जायचा. शेताच्या नकाशावर उभ्याआडव्या रेघा मारून त्याचे चौकोन पाडायचा आणि एकेका चौकोनातली माती पाहायचा. पहिला प्रश्न, माती किती खोल? मोजमाप हाताचं. दुसरा प्रश्न, कोणती? काळी, तांबडी की हलकी? तिसरा प्रश्न दोषांचा. चुनखडी आहे का, वाळू मिसळली आहे का, जमीन उतारावर आहे का, पाणी झरपून वर येतं का, ओढ्याचं पाणी अंगावरून जातं का. प्रत्येक दोषाला खूण ठरलेली. एक दोष निघाला की जमीन एक प्रत खाली. पावणेदोन हात खोल, निर्दोष काळी जमीन म्हणजे सोळा आणे. तिथून उतरत उतरत नवव्या प्रतीची जमीन दोन आण्यांवर. सगळ्या चौकोनांची सरासरी काढली की शेताची प्रत ठरायची.

हे रयतेच्या भल्यासाठी चाललं होतं असा गैरसमज नको. वसुली टिकायची तर माणूस शेतावर टिकला पाहिजे, इतका साधा हिशेब त्यामागे होता. पण त्या हिशेबानं त्यांना दोन गोष्टी बघायला लावल्या: एका शेतात माती सगळीकडे सारखी नसते, आणि मातीची खोली हा तिच्याविषयीचा पहिला प्रश्न आहे.

त्यानंतर १८७६ ते १८७८ चा भीषण दुष्काळ आला. दुष्काळाला उत्तर म्हणजे कालवा, हे तेव्हापासून जणू ठरूनच गेलं. नीरा डावा कालवा १८८५ मध्ये सुरू झाला आणि त्याचं पाणी पुरंदर, बारामतीकडून इंदापूरपर्यंत पोचलं. त्याच सुमारास, १८८३ मध्ये, जोतीराव फुले ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहीत होते. त्यात त्यांनी मातीविषयी जे मांडलंय ते आज मृदाशास्त्राच्या वर्गात शोभेल. डोंगरावरचा पालापाचोळा, मेलेले कीटक, जनावरं कुजून त्याचं सत्त्व पावसाबरोबर शेतात येतं, ते वाहून ओढ्याला जाऊ नये म्हणून जागोजाग ताली-बंधारे घालावेत, आणि या कामाला सरकारनं आपले पलटणीतले आणि पोलिसांतले लोक लावावेत, असं ते सुचवतात. म्हणजे पाणी अडवा आणि कुजलेलं सत्त्वही अडवा, दोन्ही एकदम. सरकारनं यातलं पाणी तेवढं ऐकलं.

परिणाम पंचवीस वर्षांत दिसला. निचरा नसलेल्या खोल काळ्या जमिनीत कालव्याचं पाणी मुरत गेलं, भूजल वर आलं आणि सोबत क्षार घेऊन आलं. जमिनीवर पांढरी खपली धरू लागली. ज्या जमिनीला सारा पाहणीत सर्वांत जास्त आणे मिळत, तीच खोल काळी जमीन आधी चिबड आणि मग खारवट व्हायला लागली. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरोल्ड मॅन आणि त्यांचे सहकारी वि. आ. ताम्हाणे यांनी नीरेच्या खोऱ्यातल्या या जमिनींचा अभ्यास १९१० मध्ये प्रसिद्ध केला. आमच्या मते आपल्याकडच्या माती परीक्षणाच्या इतिहासातलं हे एक महत्त्वाचं पान आहे, कारण इथे माती तपासली गेली ती सारा बसवायला नाही, जमीन वाचवायला.

याच मॅनसाहेबांनी पुढे पुण्याजवळच्या पिंपळे सौदागरचा अभ्यास केला. (हो, तेच. आज तिथे शेत शोधून दाखवा.) १९१७ च्या त्या अहवालात त्यांनी दाखवलं की १७७१ मध्ये सरासरी खातं ४० एकरांचं होतं, ते १९१४-१५ पर्यंत ७ एकरांवर आलं होतं. एकेका खात्याचे पुन्हा तुकडे, आणि तेही गावभर विखुरलेले. पुढे २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातलं सरासरी खातं १.०८ हेक्टर निघालं, म्हणजे पावणेतीन एकरांच्या आत. जमीन लहान होत गेली, हे लक्षात ठेवून पुढचं ऐका.

आता प्रयोगशाळा. १९३४ मध्ये वॉक्ली आणि ब्लॅक यांनी मातीतला सेंद्रिय कर्ब मोजण्याची सोपी रीत दिली: डायक्रोमेट आणि गंधकाम्ल घालायचं, कर्ब जेवढं डायक्रोमेट खाईल तेवढा हिशेब. १९५४ मध्ये ओल्सेन यांनी चुनखडीच्या जमिनीतला स्फुरद काढण्याची रीत दिली, ती आपल्या दख्खनच्या मातीला चपखल बसली. १९५६ मध्ये दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेतल्या सुब्बय्या आणि असिजा यांनी उपलब्ध नत्राची. याच सुमारास, १९५५-५६ मध्ये, अमेरिकेबरोबरच्या करारातून देशात माती परीक्षण प्रयोगशाळा उभ्या राहू लागल्या. त्या कराराचा विषयच होता जमिनीची सुपीकता आणि खतांचा वापर. देशाला धान्य हवं होतं, धान्याला रासायनिक खत हवं होतं, आणि खत किती घालायचं हे सांगायला माती परीक्षण हवं होतं. यात दोष काढण्यासारखं काही नाही. उपाशी देशानं दुसरं काय करावं? पण प्रश्न बदलला की उत्तराचा आकारही बदलतो. सारा पाहणीवाला विचारत होता, ‘माती किती खोल आणि तिच्यात दोष कोणता?’ प्रयोगशाळा विचारू लागली, ‘किती बॅगा?’

हाच धागा धरून १९ फेब्रुवारी २०१५ ला राजस्थानात सुरतगढ इथे मृदा आरोग्य पत्रिका योजना सुरू झाली. पत्रिकेवर बारा आकडे. सामू, क्षारांची विद्युत वाहकता, सेंद्रिय कर्ब. नत्र, स्फुरद, पालाश, गंधक. जस्त, लोह, तांबं, मंगल, बोरॉन. देशातल्या प्रत्येक खातेदाराच्या हातात कागद द्यायचा म्हणजे प्रचंड काम, म्हणून नमुना घ्यायचा तो चौकटीतून: बागायतीत अडीच हेक्टरांना एक, जिरायतीत दहा हेक्टरांना एक. चौकटीतल्या सगळ्यांना एकच निकाल.

आता थोडं गणित करू. अडीच हेक्टर म्हणजे सुमारे अडीचशे गुंठे. वीस-वीस गुंठ्यांचे भाजीवाले बारा शेतकरी त्यात सहज मावतात. एकाचा तुकडा टेकाला, मुरमाड. दुसऱ्याचा ओढ्याकाठी, चिबड. एक दरसाल शेणखत घालणारा, दुसऱ्याकडे जनावरच उरलेलं नाही. एका हेक्टरावरचा वरचा १५ सेंटिमीटरचा थर सुमारे २२ लाख किलो भरतो, म्हणजे अडीच हेक्टरांचा ५५ लाख किलो. त्यातून अर्धा किलो माती पिशवीत जाते आणि कर्बाच्या चाचणीला लागते ती जेमतेम एक ग्रॅम. नळीत चूक क्वचित होते. चूक होते ती पिशवी भरताना. विंगेटच्या कारकुनानं सारा बसवायला एका शेताचे अनेक चौकोन पाडले, आणि आपण आरोग्य तपासायला अनेक शेतांचा एक चौकोन केला. याची जाणीव सरकारलाही झाली असावी, कारण २०१९-२० मध्ये निवडक आदर्श गावांत ज्याच्या त्याच्या जमिनीतून नमुना घेण्याचा प्रयोग झाला.

भाजीपाल्याला हे जास्त बोचतं. गहू-ज्वारीच्या रानात सरासरीनं निभावून जातं. घेवडा, गाजर, कांदा ही पिकं क्षाराला फार नाजूक, टोमॅटो त्या मानानं सोसतो, बीट आणखी सोसतं. उन्हाळ्यात विहिरीचं पाणी आटतं, उरलेलं जास्त खारं होतं, तेच ठिबकनं दिलं की भिजलेल्या गोलाच्या कडेला क्षार साठतात. पुढचा पाऊस लांबला तर ते तिथेच राहतात. म्हणून आम्ही म्हणतो की भाजीवाल्यानं पत्रिका हातात आली की आधी नत्राकडे नाही, विद्युत वाहकतेकडे बघावं. आणि मग सेंद्रिय कर्बाकडे. पूर्वापार कोष्टकात ०.५ टक्क्यांखाली कमी आणि ०.७५ च्या वर जास्त. कर्ब कमी असलेली काळी माती जोराच्या सरीत चिकटून बसते, पाणी तुंबतं, मुळं गुदमरतात. मग उघडीप पडली की तीच माती भेगाळते. पीक पिवळं पडतं म्हणून शेतकरी युरिया टाकतो आणि तो पुढच्या सरीबरोबर निघून जातो. एक गंमत सांगायला हवी. अनेक ठिकाणी पत्रिकेवरचं नत्र वेगळं मोजलेलंच नसतं, कर्बाच्या आकड्यावरूनच त्याचा अंदाज बांधलेला असतो. म्हणजे फिरून आपण फुल्यांच्या पालापाचोळ्यापाशीच येतो.

नमुना कसा घ्यावा हे कृषी विभागाच्या पत्रकांत छापलेलं असतं, ते सगळं पुन्हा सांगत नाही. दोनतीन गोष्टी मात्र भाजीसाठी. तुकडा वीस गुंठ्यांचा असला तरी टेकाड आणि सखल भाग यांच्या पिशव्या वेगळ्या. गादीवाफ्यावर ठिबक असेल तर नळीच्या अगदी खाली एकच खड्डा घेऊन भागत नाही. खताची रिकामी गोणी नमुन्याला वापरायची नाही, आणि जस्त-लोह तपासायचं असेल तर जस्ताची बादली आणि गंजकं खुरपंही नाही. वेळ उन्हाळ्याची, रब्बीची भाजी निघाल्यावर, शेणखत पडायच्या आधी. लागवड झाल्यावर निकाल आला तर साठ दिवसांच्या घेवड्याला त्याचा काय उपयोग? आणि एकच तुकडा, एकाच महिन्यात, सालोसाल. पहिल्या वर्षीचा ०.४२ हा आकडा मुका असतो. चौथ्या वर्षी तो ०.३६ झाला की ०.५० झाला, हे बोलकं.

राहिली खोली. पत्रिकेवरच्या बारा आकड्यांत ती नाही. पावसानं पाठ फिरवली तर पीक किती दिवस तग धरेल, हे मुरूम किती खाली लागतो यावर फार अवलंबून असतं, आणि ते इंदापूरच्या कारकुनाला ठाऊक होतं. त्याला प्रयोगशाळा लागत नाही. नमुन्यासाठी इंग्रजी व्हीच्या आकाराचा खड्डा घेतो, तसाच एक सरळ खाली न्यायचा, मुरूम लागेपर्यंत. हातानं मोजायचं आणि पत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूवर तेरावा आकडा म्हणून लिहून ठेवायचं.

इथे थांबतो. मागच्या रांगेतून क्षारपड जमिनीबद्दल एक चिठ्ठी आली आहे, आधी ती घेऊ.