हूकचा नियम आणि किल्लारीची माळवदे

मळसूत्री कमान, म्हणजेच स्प्रिंग, भाराच्या प्रमाणात लांबते हा नियम रॉबर्ट हूक याने 1676 साली, लॅटिन वाक्यातील अक्षरे वर्णानुक्रमे मांडून, गूढ रूपाने छापला व 1678 साली उघड केला. त्या ग्रंथाचे शीर्षक पूर्वस्थितीवर येण्याच्या शक्तीविषयीचे आहे, हे ध्यानात ठेवण्याजोगे होय.

प्रयोग साधा आहे. 1 किलोग्रॅम वस्तुमान टांगल्याने कमान 5 सेंटिमीटर लांबली, तर तिची ताठरता दर मीटरास 196 न्यूटन ठरते. कमानीचे वस्तुमान नगण्य धरल्यास त्याच भाराच्या 20 आंदोलनांस सुमारे 9 सेकंद लागतात व त्यावरूनही तोच अंक निघतो. मात्र भार वाढवीत गेल्यास आलेखाची सरळ रेषा अखेर वाकते. त्यापलीकडे लवकरच कमान मूळ लांबीवर येईनाशी होते.

30 सप्टेंबर 1993 रोजी पहाटे 3.56 वाजता किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपात सात हजारांहून अधिक माणसे दगावली. तेथील घरांच्या भिंती जाड व ताठर होत्या. परंतु दगड मातीत बसविलेले, भिंतीचे आतील व बाहेरील थर आरपार दगडांनी सांधलेले नाहीत, आणि वर मातीचे जड माळवद. वस्तुमान अधिक, म्हणून हादऱ्याचे बलही अधिक. थर विलग होऊन माळवदे निजलेल्यांवर कोसळली.

1994 साली नांदेड येथे विद्यापीठ स्थापन झाले. लातूर जिल्हा त्याच्याच क्षेत्रात येतो. येथील विद्यार्थ्याने ताठरतेच्या अंकाबरोबरच रेषा कोठे वाकते, तेही वहीत नोंदवावे.