'दशा' : वस्त्राचा काठ आणि माणसाची अवस्था

वस्त्राच्या टोकाशी बाणा न भरता ताण्याचे जे धागे मोकळे सोडले जातात, त्या 'दशा'. अमरकोशाने या अर्थी हा शब्द स्त्रीलिंगी बहुवचनात नोंदविला आहे. या दशा झिजेची खूण नव्हेत, उलट कोरेपणाची आहेत. धर्मकृत्यासाठी सांगितलेले 'अहत' वस्त्र नवे, कोणी न नेसलेले आणि 'सदश' असावे लागते. सोमरस गाळण्याच्या वस्त्रालाही 'दशापवित्र' असेच नाव आहे. 'मृच्छकटिका'च्या पहिल्या अंकात पळणाऱ्या वसंतसेनेच्या तांबड्या रेशमी वस्त्राच्या दशा वाऱ्यावर हलतात, त्या वैभवाच्या. दुसऱ्या अंकात दर्दुरकाचे विरलेले वस्त्र येते, तेव्हा शूद्रक सुताच्या दारिद्र्याबद्दल बोलतो; 'दशा' हा शब्द तेथे योजीत नाही.

वात आणि अवस्था हे या शब्दाचे आणखी दोन अर्थ. 'रघुवंशा'च्या बाराव्या सर्गाच्या प्रारंभीच कालिदासाने त्यांवर श्लेष साधला आहे. विषयोपभोग घेऊन झालेला दशरथ पहाटेच्या दिव्यासारखा दशेच्या अंताला पोहोचतो; 'स्नेह' म्हणजे तेल आणि आसक्ती, 'निर्वाण' म्हणजे विझणे आणि मुक्ती. येथे अंत आहे, अवकळा नाही.

मराठी वाचकाला मात्र येथे अवकळाच ऐकू येण्याचा संभव फार. हिंदीत वाईट स्थितीसाठी 'दुर्दशा' म्हणावे लागते. बंगालमधील वैष्णव परंपरेत तर 'दशा' हे भावसमाधीचेही नाव आहे. मराठीत 'काय ही दशा!' एवढे पुरते, विशेषण लागत नाही. फलज्योतिषाच्या विंशोत्तरी गणनेतील 120 वर्षांत शुभ ग्रहांच्याही दशा असतात, पण लोकभाषेने लक्षात ठेवल्या त्या पीडेच्या. 'अवदसा' तर बाईचे रूप घेऊन घरात शिरते. कापडाचेही तसेच झाले : पदराच्या दशा 'निघतात', म्हणजे तो झिजतो. विणकराने सोडलेला धागा आणि वापराने सुटलेला धागा यांना मराठीने एकच नाव दिले. 'रघुवंशा'च्या अनुवादात 'दशा' तशीच ठेवली, तर श्लेष वाचतो आणि दशरथाची तृप्ती हरवते.

जुना अर्थ टिकला तो एका लोकाचारात. शुद्ध द्वितीयेच्या चंद्राला अंगावरील वस्त्राची एक दशी काढून वाहतात, आणि जुने घेऊन नवे देण्याची त्याच्याकडे मागणी करतात.