सांगोल्याचे आमदार कै. भाई गणपतराव देशमुख

सांगोला तालुका म्हटला की पूर्वी पाहुण्यारावळ्यांच्या तोंडी एकच शब्द येई, दुष्काळ! पाऊस बेताचा, माण नदीचे पात्र वर्षातील बराच काळ कोरडे आणि पोटासाठी बायकामुलांसह परगावी जाणारी कुटुंबे. अशा या तालुक्याने एकाच गृहस्थास ११ वेळा विधानसभेवर पाठविले. ते म्हणजे कै. भाई गणपतराव देशमुख, सर्वांचे आबासाहेब.

आबासाहेबांचा जन्म १० ऑगस्ट १९२६ रोजी मोहोळ तालुक्यातील पेनूर या गावी झाला. कायद्याचे शिक्षण घेऊन त्यांनी सांगोल्यात वकिली सुरू केली. शेतकरी कामगार पक्षाचा लाल बावटा त्यांनी तरुणपणी खांद्यावर घेतला, तो अखेरपर्यंत खाली ठेवला नाही. सन १९६२ मध्ये ते प्रथम आमदार झाले व १९६७ मध्ये पुन्हा निवडून आले.

१९७२ साली मात्र त्यांचा पराभव झाला. त्याच सुमारास महाराष्ट्रावर भीषण दुष्काळ कोसळला होता. पद गेले म्हणून आबासाहेबांनी तालुका सोडला नाही. १९७४ च्या पोटनिवडणुकीत जनतेने त्यांना पुन्हा निवडून दिले. १९९५ मध्ये दुसऱ्यांदा पराभव झाला, तेव्हा वय सत्तरीकडे झुकलेले होते. तरीही १९९९ मध्ये ते पुन्हा विजयी झाले, आणि २०१४ चा अकरावा विजय त्यांनी वयाच्या ८८ व्या वर्षी मिळविला. १९७८ व १९९९ साली मंत्रिपद लाभले. बाकीची बहुतेक कारकीर्द विरोधी बाकावर गेली. मंत्री असोत वा नसोत, एस. टी. ने प्रवास करणारे आमदार हीच त्यांची ओळख राहिली.

कापूस न पिकणाऱ्या या तालुक्यात सहकारी सूतगिरणी उभी राहिली व नेटाने चालली, ती त्यांच्या नेतृत्वाखाली. कृष्णेचे पाणी दुष्काळी तालुक्यांना मिळावे म्हणून वाळव्याचे क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी यांनी चळवळ उभारली. आटपाडीच्या पाणी परिषदेत त्यांच्या खांद्यास खांदा लावून आबासाहेब उभे राहिले. ज्यांच्या शिवारात पाणी होते त्यांनी नसलेल्यांसाठी झगडावे, ही गोष्ट आपल्या पुढच्या पिढीस सांगण्याजोगी आहे.

२०१९ मध्ये त्यांनी निवडणूक लढविली नाही. त्या वेळी त्यांचे नातू डॉ. अनिकेत अवघ्या ७६८ मतांनी पराभूत झाले. ३० जुलै २०२१ रोजी वयाच्या ९४ व्या वर्षी आबासाहेबांचे निधन झाले. २०२४ मध्ये दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख आमदार झाले. घराण्याचे नावही मतदारांनी एकदा नाकारले व एकदा स्वीकारले, यावरून हक्क कोणाकडे असतो ते दिसते.

देवळाच्या कामी दिलेल्या पै-पैचा हिशेब गाव मागते व विश्वस्त तो देतात. मताचेही तसेच आहे. ती ठेव आहे, दान नव्हे. दोनदा ठेव काढून घेतली तरी रुसले नाहीत, आणि परत मिळाली तेव्हा उतले नाहीत, म्हणूनच आबासाहेबांचे नाव तालुक्यात आदराने घेतले जाते.