चूल न पेटवलेलं ताट

फेब्रुवारी आला की शाळांमध्ये निरोप समारंभ सुरू होतात आणि स्टाफरूममध्ये एक प्रश्न हमखास निघतो: मुलांना खायला काय ठेवायचं? घाटनांदूरसारख्या गावात हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही. कुणाचा सोमवार असतो, कुणाला कांदा-लसूण चालत नाही. कुणी दुसऱ्याच्या घरचं शिजलेलं खात नाही, पण तसं बोलून दाखवत नाही. रमजान असेल तर आमचं ताट मगरिबपर्यंत झाकलेलं. म्हणून मी काही वर्षांपासून एकच उपाय सुचवते: चूल पेटवूच नका. मोठ्या परातीत फळं मांडा, सोबत चीजचे तुकडे ठेवा.

हा उपाय माझ्या डोक्यातून निघालेला नाही. आपल्याकडे कुणाच्या हातचं काय चालतं, याचे नियम फार जुने आहेत. त्यात सगळ्यात कडक नियम पाण्यात शिजवलेल्या अन्नाचे. भात, भाकरी, वरण आपल्याच माणसाच्या हातचं हवं. तुपात तळलेल्याला थोडी सूट. फळ मात्र सालीसकट जवळजवळ कुणाकडूनही घेता येई, कारण त्याला ना विस्तव लागलेला, ना कुणाच्या भांड्यातलं पाणी.

चौदाव्या शतकातला प्रवासी इब्न बतूता आपल्या मराठवाड्यातल्या दौलताबादेत आला होता. इथे द्राक्षं आणि डाळिंबं वर्षातून दोनदा येतात, असं त्याने कौतुकाने नोंदवलं आहे. मलबारबद्दल त्याने लिहिलेलं मात्र वाचताना थांबायला होतं. तिथे मुसलमान वाटसरूला घरात घेत नसत, आपल्या भांड्यात जेवू देत नसत. जेवण वाढलंच तर केळीच्या पानावर. एकाच माणसाच्या प्रवासात फळाची गोडी आणि भांड्याची भिंत दोन्ही आहेत.

ही भिंत फक्त हिंदू-मुसलमानांमधली नव्हती. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये रानडे, टिळक आणि इतर मंडळी व्याख्यानाला गेली. तिथे चहा-बिस्किटं आली. गोपाळराव जोशींमुळे नावं वर्तमानपत्रात छापून आली आणि प्रकरण शंकराचार्यांपर्यंत, पुढे प्रायश्चित्तापर्यंत गेलं. मला नेहमी वाटतं, मिशनऱ्यांनी त्या दिवशी चहाऐवजी केळी ठेवली असती तर एवढा गहजब झाला असता का?

गंमत अशी की ज्या फळांवर सगळ्यांचं एकमत, त्यातली निम्मी परदेशी आहेत. पेरू, पपई, अननस आणि सीताफळ अमेरिका खंडातून पोर्तुगिजांच्या काळात आले. टरबूज आफ्रिकेतलं. पेरूला उर्दूत अमरूद म्हणतात, पण फारसीत अमरूद म्हणजे नाशपाती. आमच्या दखनीत तोच जाम होतो. सीताफळ तर नावावरून इथलंच वाटतं आणि आता ते इथलंच आहे. २०१६ मध्ये बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळालं. परातीत मात्र त्याला जागा नाही, कारण फेब्रुवारीत त्याचा हंगाम नसतो.

या ताटात चौकशी करावी लागते ती फक्त चीजची. पनीर लिंबाने किंवा आंबट पाण्याने दूध फाडून करतात. शब्द फारसी, पण पदार्थ सगळ्यांना चालणारा. चीजचं दूध विरजवायला मात्र जुन्या पद्धतीत वासराच्या पोटातलं रेनेट वापरत. शाकाहारी घर आणि हलाल पाहणारं घर, दोघांचाही प्रश्न तिथे एकच होतो. म्हणून पाकिटावरचा हिरवा ठिपका पाहूनच आणायचं.

चाळीस मुलांना तीन-तीन किलोची दोन टरबुजं, दोन किलो द्राक्षं, दोन किलो पेरू, एक मोठी पपई, चार डाळिंबं, दोन डझन केळी, अर्धा किलो खजूर आणि अर्धा किलो चीज पुरतं. टरबूज वेगळ्या ताटात, नाहीतर त्याच्या पाण्याने बाकी सगळं भिजतं. पेरूला लिंबू चोळा. केळी अगदी शेवटी कापा. मधोमध चीज, भोवती द्राक्षांची हिरवी कड, मग केशरी पपई, लाल डाळिंबदाणे. रंगांची भांडणं बाहेर कितीही असोत, परातीत ते शेजारी शेजारी बरे दिसतात.

पण एक गोष्ट स्वतःशी लपवून चालणार नाही. हे ताट प्रश्न टाळतं, सोडवत नाही. माझ्या हातची कापलेली पपई खाणारं लेकरू माझ्या घरची भाकरी खाईल का, हे त्या परातीवरून कळत नाही. फळांनी शेकडो वर्षं आपल्याला एका जागी बसवलं, एवढं त्यांचं काम मोठं आहे. पुढचं काम चुलीचं. म्हणून यंदा परातीशेजारी मी घरी शिजवलेल्या शेवयांच्या खिरीचं पातेलंही ठेवणार आहे. कुणाला आग्रह करणार नाही. झाकण मात्र उघडं असेल.