आयनद्रायूची घडण : एक शब्द आणि एक प्रयोग

कृष्णाकाठी वाई येथे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली सिद्ध झालेल्या मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. ‘प्लाझ्मा’ या संज्ञेस या कोशाने ‘आयनद्रायू’ हा प्रतिशब्द योजला. द्रव आणि वायू यांच्या संयोगाने ‘द्रायू’ झाला. जे वाहते ते द्रायू होय. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ मात्र ‘घडविलेली वस्तू’ असा आहे. अर्व्हिंग लँगम्यूर यांनी १९२८ मध्ये तो भौतिकीत आणला. एक शब्द वाहणे सांगतो, दुसरा घडण. याच वाईत जन्मलेले चंद्रशेखर जोशी ज्या संशोधनाचे अग्रणी ठरले, त्याचा इतिहास या दोन अर्थांच्या मधोमध उभा आहे.

लेसरच्या साह्याने इलेक्ट्रॉनांस प्रवेग देण्याची कल्पना ताजिमा व डॉसन यांनी १९७९ मध्ये मांडली. सांगलीपाशी कृष्णेच्या संथ पात्रातून नाव गेली असता तिच्यामागे लाटा उठतात व नावेच्याच वेगाने चालू लागतात. लेसरचा अल्पकालिक स्पंद आयनद्रायूतून जाताना अशीच विद्युत्-लाट मागे ठेवतो. तिच्यावर आरूढ झालेला इलेक्ट्रॉन ऊर्जा मिळवितो. या लाटेची कंपनसंख्या मुख्यतः इलेक्ट्रॉनांच्या घनतेवर ठरते : घनता चौपट झाली की कंपनसंख्या दुप्पट होते.

पुरेसे तोकडे व प्रखर स्पंद त्या काळी सुलभ नव्हते. म्हणून जोशी यांच्या लॉस अँजेलिस येथील गटाने सुमारे १०.६ व १०.३ मायक्रॉन तरंगलांबीचे दोन लेसर-किरण एकत्र सोडले. अशा किरणांची तीव्रता ठरावीक तालाने कमीजास्त होते. तो ताल आयनद्रायूच्या स्वाभाविक कंपनसंख्येशी जुळावा, यासाठी दर घन सेंटिमीटरमागे सुमारे ८५ लक्ष अब्ज इलेक्ट्रॉन हवे होते. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात २१ लक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचे इलेक्ट्रॉन सुमारे १ सेंटिमीटर अंतरात ९१ लक्षांपर्यंत पोहोचले. येथे प्रश्न नेमकी घनता साधण्याचा होता.

पुढे तोकडे स्पंद हाती आले. २००४ मध्ये ब्रिटन, फ्रान्स व अमेरिका येथील तीन गटांनी जवळजवळ एकाच ऊर्जेचे इलेक्ट्रॉन-झोत मिळविल्याचे प्रसिद्ध केले, आणि प्रश्नाचे स्वरूप पालटले. घनता अधिक असल्यास लाट प्रबळ होते. परंतु प्रकाश मंदावतो व इलेक्ट्रॉन लाटेस लवकर मागे टाकतो. घनता उतरती ठेवल्यास लाटेची मागची बाजू रेंगाळते व इलेक्ट्रॉन तीत सापडतात. मध्यभागी विरळ व कडेला दाट अशी नळी घडविल्यास प्रकाश न विखुरता दूरवर जातो. सारांश, घनतेचे केवळ मूल्य पुरेसे नाही. तिचा आकारही हवा.

हा आकार ध्वनीहून अधिक वेगाने वायू सोडणाऱ्या तोटीच्या घडणीवर अवलंबून असतो, आणि तो डोळ्यांस दिसत नाही. म्हणून प्रकाशाचा एक भाग वायूतून व दुसरा निर्वातातून नेऊन त्यांच्या मीलनाने उमटणाऱ्या पट्ट्यांचे विस्थापन मोजतात. हे मापन वायूच्या संपूर्ण जाडीची बेरीज देते. झोत अक्षाभोवती सममित मानला, तरच एका दिशेच्या चित्रावरून आतील घनता काढता येते. सममिती नसेल तर अनेक दिशांनी पाहणे अवश्य ठरते.

या प्रगतीचे श्रेय बहुधा लेसरच्या वाढत्या सामर्थ्यास दिले जाते. ते अपुरे आहे. तोटीतून सुटलेला वायू वाहता असतो, आणि प्रवेगासाठी तो त्या वाहतेपणीच घडवावा लागतो. वाईच्या कोशातील शब्द आणि ग्रीक शब्द, दोन्ही येथे एकाच वेळी खरे ठरतात.