झ्विर्को आणि विगुरा

विमानविद्येच्या इतिहासांत, राइट बंधूंसारखे अपवाद सोडले तर, एकट्या वीरांचींच नांवें अधिक आढळतात. लिंडबर्ग एकटाच अटलांटिक ओलांडून गेला. एमी जॉन्सन एकटीच ऑस्ट्रेलियास पोंचली. पोलंडांत मात्र एक जोडी अशी आहे, कीं तिच्यांतील एकाचें नांव घेतलें म्हणजे दुसऱ्याचें आपोआप ओठांवर येतें. फ्रान्चिशेक झ्विर्को आणि स्तानिस्वाव विगुरा ही ती जोडी.

झ्विर्को हा सैन्यांतील वैमानिक, 1895 सालीं जन्मलेला. विगुरा त्याहून सहा वर्षांनीं लहान आणि यंत्रविशारद. वॉर्साच्या तंत्रविद्यालयांत रोगाल्स्की, विगुरा व द्झेव्येत्स्की या तिघां विद्यार्थीमित्रांनीं हलकीं विमानें बांधण्यास आरंभ केला, व तिघांच्या आद्याक्षरांवरून त्या विमानांस 'आर. डब्ल्यू. डी.' हें नांव पडलें. 1929 सालीं झ्विर्को व विगुरा अशाच एका चिमुकल्या विमानांतून पॅरिस, बार्सिलोना, मिलान अशी सुमारें 5000 किलोमीटरांची फेरी करून आले. विमान बांधणारा जमिनीवर उभा राहून दुसऱ्यास वर धाडतो, हा सर्वसाधारण रिवाज. येथें बांधणारा स्वतः चालविणाऱ्याच्या शेजारीं जाऊन बसला.

ऑगस्ट 1932 मध्यें बर्लिन येथें लहान प्रवासी विमानांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरली. याआधींच्या दोन्ही स्पर्धा मोर्झिक या जर्मन वैमानिकानें जिंकल्या होत्या. या स्पर्धेंत नुसत्या वेगाला मान नव्हता, आणि तीच तिची खरी खुबी. विमान किती सावकाश उडूं शकतें, थोडक्या जागेंत कसें उठतें, आठ मीटर उंचीचा अडथळा ओलांडून किती जवळ उतरतें, इंधन किती जाळतें, पंख मिटतां येतात कीं नाहीं, या साऱ्यांस गुण होते. त्यानंतर युरोपभर सात हजारांहून अधिक किलोमीटरांची दौड! जर्मनांचीं हाइंकेल विमानें धांवण्यांत फारच पुढें होतीं. परंतु विगुराचें नवें आर. डब्ल्यू. डी. 6 हें ताशीं अवघ्या 58 किलोमीटरांच्या सुमारास, जणूं सायकलीच्या शर्यतींत, आकाशांत तरंगत राहूं शकत असे. 28 ऑगस्टला निकाल लागला. झ्विर्कोस 461 गुण मिळाले, मोर्झिकला 458.

तीन गुणांच्या या विजयाचें पोलंडास केवढें वाटलें असेल! सव्वाशे वर्षांचें पारतंत्र्य संपून तें राष्ट्र 1918 सालीं पुन्हा उभें राहिलें होतें. (पुढें महायुद्धांत कोल्हापूरजवळ वळिवडें येथें आश्रयास आलेले निर्वासित याच राष्ट्राचे.)

अवघे चौदा दिवस गेले. प्राग येथें वैमानिकांचा मेळावा भरावयाचा होता, व तेथें जाण्यासाठीं हे दोघे मित्र 11 सप्टेंबर रोजीं त्याच विजयी विमानांतून निघाले. वाटेंत झेकोस्लोव्हाकियाच्या हद्दींत, त्येशिन शहराजवळ, वादळानें त्यांस गांठलें. त्या झंझावातांत विमानाचा पंख तुटला, आणि त्येर्लित्स्को गांवाजवळच्या टेकडीवरील झाडींत तें कोसळलें. दोघेही ठार झाले. ज्या पंखांनीं बर्लिनमध्यें सर्वांत संथ उड्डाणाचा मान मिळविला, त्यांनींच दगा द्यावा, आणि तेही त्यांचा निर्माता आंत बसलेला असतांना! दुसऱ्याच्या जिवावर प्रयोग केल्याचा ठपका विगुरावर कोणी कधींच ठेवूं शकणार नाहीं. झ्विर्कोच्या सदतिसाव्या वाढदिवसास पांच दिवस उरले होते. विगुरा एकतीस वर्षांचा होता.

त्येशिनचा मुलूख पोलंड व झेकोस्लोव्हाकिया यांच्यांत भांडणाचा. तरीही तेथील पोलिश रहिवाशांनीं अपघाताची ती जागा आपली मानून जपली. 1935 सालीं तेथें स्मारक उभारलें गेलें, जर्मनांनीं तें युद्धकाळांत उद्ध्वस्त केलें, आणि 1950 सालीं तें पुन्हा बांधण्यांत आलें. विजयाचा दिवस, 28 ऑगस्ट, हा पोलंडांत विमानदिन ठरला. 1934 ची स्पर्धा वॉर्सांत भरली व तीही एका पोलिश वैमानिकानें, बायान यानें, आर. डब्ल्यू. डी. 9 या विमानांतून जिंकली. तें विमान बांधणाऱ्या मंडळींत विगुरा नव्हता. पण नांवांतील त्याचें अक्षर मित्रांनीं काढलें नव्हतें.

वॉर्साच्या विमानतळाकडे जाणाऱ्या हमरस्त्यास आजही या दोघांचीं नांवें एकत्रच आहेत.