टायटॅनियम डायऑक्साइड : धातुमळीपासून उत्पादन
रंग, प्लास्टिक व कागद यांना शुभ्रता देणारी पांढरी भुकटी. लोह व टायटॅनियम यांचे खनिज इल्मेनाइट कोळशासह विद्युत् भट्टीत वितळवले की लोखंड खाली बसते. वरच्या धातुमळीत टायटॅनियम डायऑक्साइड साधारणतः ७५ ते ९० टक्के असते. ती संहत सल्फ्यूरिक आम्लात विरघळवतात, विद्रावाच्या जलीय विच्छेदनाने मिळालेला साका सु. ९०० ते १,००० अंश से. तापमानाला भाजतात. मळीत लोह कमी, म्हणून फेरस सल्फेटाचा त्रासदायक कचराही कमी. तिचा खरा फायदा हाच. रत्नागिरीच्या किनारी वाळूत इल्मेनाइट आहे. जालन्यात भंगार वितळवून निघणारी पोलाद भट्ट्यांची मळी मात्र या कामाची नाही; तीत सिलिका आणि लोह-मँगॅनीजची ऑक्साइडेच मुख्य. त्याच जिल्ह्यातील तीर्थपुरी परिसराच्या बेसॉल्टातही टायटॅनियम आहे, पण जेमतेम काही टक्के.